हिंगोलीचा सात नंबर

लग्नानंतरचा पहिला हिवाळा आम्ही गोरेगावला काढला असं मी कोल्हापुरात सांगितलं, तेव्हा शेजारणींनी मुंबईतलं गोरेगाव धरलं आणि मीही त्यांना दुरुस्त केलं नाही. बिचाऱ्या विचारत होत्या, सिनेमातले नट दिसले का? मी म्हटलं, दिसले की, रोज दिसत होते. आता लिहायलाच बसले आहे तर खरं सांगून टाकते. हे गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. तिथं बाजार भरतो, दुकानांची एक रांग आहे, जीपचा थांबा आहे आणि आमच्या ह्यांचं घर आहे. हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीतून नुकताच वेगळा निघालेला. कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्या आणि आतली टेबलं जुनी, असा सगळा नव्या संसाराचा थाट होता.

मिलिंदची, म्हणजे आमच्या ह्यांची, जुनी नोकरी दिवाळीत सुटली होती आणि नवी संक्रांतीनंतर सुरू व्हायची होती. मधल्या दिवसांत नवं जोडपं थंड हवेच्या ठिकाणी जातं. हे म्हणाले, आमच्याकडं थंडी भरपूर आहे आणि राहायची सोय घरचीच आहे. थंडीबद्दल ते खोटं बोलले नव्हते. आमच्या कोल्हापूरची थंडी ओलसर, लाडिक, गुऱ्हाळाजवळ उभं राहिलं की पळून जाणारी. इकडची कोरडी ठणठणीत. सकाळी ओठ फुटतात, दुपारी स्वेटर काढून काखेत मारावा लागतो आणि पाच वाजले की तोच स्वेटर कुठं टाकला म्हणून घरभर हाका सुरू होतात.

आता माझं खूळ सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मी पेठेतली. आमच्याकडं थंडी पडली की फुटबॉल सुरू होतो आणि अर्धी पेठ उरलेल्या अर्ध्या पेठेशी बोलायची बंद होते. माझे दोन मामा दोन वेगळ्या संघांचे. सामन्याच्या दिवशी आजी दोघांना वेगवेगळ्या खोलीत जेवायला वाढायची. असल्या घरात वाढलेल्या बाईला फुटबॉल कळतो की नाही हे विचारायचंच नसतं. ह्यांना मात्र काडीचा कळत नाही. लग्न ठरल्यावर मी ह्यांना हौसेनं स्टेडियमवर नेलं होतं. हाफटाइमनंतर बाजू बदलल्या आणि हे बराच वेळ विरुद्ध संघासाठी टाळ्या वाजवत बसले. माझ्या मामांनी ते पाहिलं. लग्न मोडलं नाही हे नशीब.

गोरेगाव

घरात माणसं मोजकी. सासरे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सगळे दादा म्हणतात. नोकरी सुटली तरी सवय सुटलेली नव्हती. ओसरीवर चार पाहुणे जमले की दादा म्हणणार, सरका, पुढं सरका, मागं जागा हाय. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आणि तिसरी आमची नणंद सुजाता, डी.एड. झालेली, गावातल्याच बालवाडीत शिकवणारी. माझ्याहून लहान, पण जिभेनं माझ्या तोडीची.

पहिल्या आठवड्यात मी सासरच्या लोकांना पांढरा रस्सा करून घातला. दादांनी वाटीत डोकावून पाहिलं आणि हळूच विचारलं, घरात कोणाची तब्येत बरी न्हाई का? दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मला ओल्या तुरीच्या सोल्यांची आमटी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला. ठेच्यापुढं आमचा तांबडा रस्सा म्हणजे सरबत. मी डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसत होते आणि आत्याबाईंना वाटलं की सुनेला माहेरची आठवण आली.

करमणूक म्हणजे टीव्ही. रविवारी दुपारी दूरदर्शनवर कधीमधी फुटबॉलचा सामना लागायचा आणि वीज असली तर दिसायचाही. हे माळवदावर चढून अँटेना फिरवायचे, मी खालून ओरडायची, आता दिसतंय, आता मुंग्या आल्या. शेजारपाजारच्या बाया तुरीच्या शेंगा सोलत टीव्हीपुढं बसायच्या. त्यांना मी शेंगा मांडून ऑफसाइड समजावून सांगितला. ही शेंग बचावाची, हा दाणा पुढं जाऊन उभा राहिला, आता याच्याकडं चेंडू आला तर चालत नाही. आत्याबाईंनी सगळं नीट ऐकलं आणि म्हणाल्या की मग त्यानं आधी जाऊन उभं राहायचंच काहून, बोलावल्यावर जावं. इतका चांगला ऑफसाइड मी आजवर कोणाकडून ऐकलेला नाही.

शनिवारी आम्ही दोघं हिंगोलीला जायचो. जीप काळीपिवळी, ड्रायव्हर बब्बूभाई. माणसं भरायची त्याची रीत अशी की आत शिरल्यावर आपला हात कुठला आणि शेजारणीचा कुठला हे हिंगोलीला उतरल्यावरच ठरायचं. हिंगोलीत आम्ही काय करायचो? काही नाही. बाजारातून भटकायचो. हळदीच्या आडतीवरून गेलं की अंगाला वास लागायचा आणि मी म्हणायची, बघा, माझी पुन्हा हळद झाली. गरम जिलेबी खायची, पिक्चर बघायचा, स्टेशनवर जाऊन छोट्या लाइनीची गाडी येताना बघायची. गाडी इतकी सावकाश यायची की ह्यांचं चहा पिऊन व्हायचं. नव्या लग्नाच्या माणसांना याहून जास्त काय लागतं? मला फक्त एकच कमी होतं. खऱ्या मैदानावरचा फुटबॉल.

तांड्यावरचा हुरडा

दादांचे जुने दोस्त राठोडकाका सेनगावच्या अलीकडं एका तांड्यावर राहतात. एसटीत कंडक्टर असताना दादा त्यांच्यासाठी गाडी थांब्याच्या अलीकडं थांबवायचे, तेव्हापासूनची दोस्ती. त्यांच्या रानात आम्हाला हुरड्याचं बोलावणं आलं. आमच्याकडं ऊस, त्यामुळं हुरडा मी ऐकूनच होते. गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कोवळी कणसं भाजतात, गरम असतानाच तळहातांवर चोळतात आणि फुंकर मारून हिरवे दाणे पुढ्यात टाकतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. मी पहिलंच कणीस चोळायला घेतलं, हात पोळला आणि कणीस दादांच्या धोतरावर जाऊन पडलं. राठोडकाकू हसून म्हणाल्या, तुमी फकस्त खा, बाई.

तिथंच ह्यांचे मामा आले. हे मामा सेनगावला राहतात आणि अख्ख्या तालुक्याची लग्नं जमवतात. त्यांनी आल्या आल्या सुजातासाठी स्थळ काढलं. मुलगा हिंगोलीचा, नाव आनंद, मोटार वायंडिंगचं स्वतःचं दुकान. रब्बीत विहिरींवरच्या मोटारी जळतात, त्यामुळं हिवाळाभर मान वर करायला फुरसत नाही. घरी आई आणि काका. निर्व्यसनी, चहासुद्धा अर्धाच. आणि शेवटी माझ्याकडं बघत मामा म्हणाले की मुलगा फुटबॉल खेळतो. हिंगोलीच्या संघात सात नंबर.

मी हातातला हुरडा खाली ठेवला. हिंगोलीत संघ आहे? मामा म्हणाले, आहे म्हणजे काय, निजामाच्या काळात छावणी होती तेव्हापासून खेळतात, दर रविवारी सामने चालू आहेत. दीड महिना मी जिलेब्या खात फिरत होते आणि पाठीमागं फुटबॉल चालला होता! मी ह्यांच्याकडं असं बघितलं की हे कणसं आणायला उठून गेले.

सुजाता मात्र गप्प झाली होती. तिला आतापर्यंत तीन घरचे पाहून गेले होते. एकांनी चालून दाखवायला लावलं, एकांनी सुईत दोरा ओवायला लावला, तिसऱ्यांनी पोहे खाऊन नंतर कळवतो म्हटलं आणि अजून कळवतच आहेत. दिवाळीपासून ती कुठल्याच स्थळाला या म्हणायला तयार नव्हती. तिचंही खरं होतं, कारण तिथली रीत अशी की पाहुणे एकदा घरी येऊन पोहे खाऊन गेले की नकार त्यांनी द्यायचा. मुलीकडून गेला तर मध्यस्थाचं नाक जातं आणि पुढच्या वेळी कोणी दारात येत नाही. म्हणजे नाही म्हणायचं तर बिनबघताच म्हणायचं. दादांनी त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं की हे शेवटचं स्थळ. हेही नको असेल तर मी पुन्हा कोणापुढं हात जोडणार नाही. रविवारच्या रात्रीपर्यंत सांग.

दादा एवढं बोलून राठोडकाकांबरोबर विहिरीकडं गेले. सुजाता कणीस चोळत होती. दाणे केव्हाच गळून पडले होते, ती नुसतं बोंडूक चोळत होती. ती मला हळूच म्हणाली, "वैनी, तीन जणांनी मला पाह्यलं. मी एकालाबी पाह्यलं न्हाई. मान वर केली की आई चिमटा काढती." सांगताना तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, याला बघायचा. त्यानं तुला बघायच्या आधी बघायचा, चांगला दीड तास, उन्हात पळताना.

ह्यांना बेत सांगितला तेव्हा हे घाबरले. दादांना कळलं तर? मी म्हटलं, कळेल कशाला, नवराबायको फुटबॉल बघायला चालले आहेत, बरोबर नणंदेला बांगड्या घ्यायच्या आहेत. यात खोटं कुठं आहे? हे म्हणाले, बांगड्या. मी म्हटलं, त्या घेऊ की.

हिंगोली, रविवार

जीपमध्ये आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो आणि वाटभर सात नंबर, सात नंबर करत राहिलो. बांगड्या आधी घेतल्या, म्हणजे खोटं पडायला नको.

मैदान गावाबाहेर होतं. गवताचं नाव नाही, चुन्याच्या रेघा, गोलाला जाळीच्या जागी नुसती हवा. आमच्या स्टेडियममध्ये पायऱ्या आहेत, इथं लोक सायकलींच्या कॅरिअरवर उभे. पण लाउडस्पीकर होता आणि त्यावर एक गृहस्थ हिंदीत समालोचन करत होते. बायका म्हणजे आम्ही दोघीच. म्हणून पलीकडच्या कडेला, बाभळीखाली एका बांधावर जाऊन बसलो. ऊन नेमकं समोरून येत होतं आणि मैदानातली धूळ त्यात तरंगत होती. चेहरे काही धड दिसत नव्हते, पाठीवरचे आकडे तेवढे दिसत होते. मी म्हटलं, चेहरा काय करायचा आहे, खेळ बघू. खेळावरून माणूस कळतो, हे मी सुजाताला ठासून सांगितलं.

आणि सात नंबर दिसला. उंच, सडपातळ, गुडघ्यांपर्यंत मोजे. पहिला चेंडू त्याच्याकडं आला आणि हा बाजूला झाला. रस्त्यात म्हैस आली की माणूस जसा बाजूला होतो तसा. दुसऱ्या वेळी त्यानं पाय जोरात मारला, चेंडू जागेवर राहिला आणि बूट उडून पंचाच्या अंगावर गेला. थ्रो टाकायला गेला तर पाय उचलला, फाउल. पुन्हा टाकला, पुन्हा फाउल. मग तो कॉर्नरच्या झेंड्यात अडकून पडला आणि पडल्यावर आधी झेंडा सरळ केला. लाउडस्पीकर सांगत होता, सात नंबर के पास गेंद, सात नंबर के पास गेंद, और गई. लोक पोट धरून हसत होते.

मीही हसले असते, पण शेजारी सुजाता ओढणीत तोंड खुपसून बसली होती. मामांच्या नावानं मी मनात काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. पेठेत असा खेळाडू उतरला असता तर आजीनं त्याला दोन्ही खोल्यांत जेवायला वाढलं नसतं. हे आपले म्हणाले, पण झेंडा सरळ केला बघ. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा.

हाफटाइम झाला. सुजाता म्हणाली, चला घरी, मी दादांना नाही म्हणून सांगते. तिला तशी जीपमध्ये बसवायला मन होईना, म्हणून रस्त्यावरच्या हॉटेलात भजी खायला नेलं. भज्यांना वेळ लागला. मिरचीची भजी पोटात गेल्यावर तिला जरा धीर आला. मीही तिला समजावलं की निदान निकाल तरी बघू. ओढूनच परत आणलं म्हणा ना. आम्ही बांधावर येऊन बसलो तोवर खेळ कधीच सुरू झाला होता.

आणि काय सांगू! सात नंबर पार बदलला होता. चेंडू पायाला चिकटवल्यागत घेऊन पळत होता. दोघांना चकवलं, तिसऱ्याच्या पायांतून काढला, आणि डाव्या पायानं असा गोल मारला की मी बांधावर उभी राहून शिट्टी वाजवली. हो, मला येते शिट्टी. लोक वळून बघायला लागले, ह्यांनी माझा पदर ओढून खाली बसवलं. सुजाताची ओढणी तोंडावरून कधी खाली आली तिलाही कळलं नाही. ती म्हणाली, भजी आपण खाल्ली अन् तरतरी यांना आली. दुसरा गोलही त्यानंच मारला. मी तिला समजावलं की पहिल्या हाफमध्ये बुजला असेल बिचारा, मोठ्या मोठ्या खेळाडूंचं होतं तसं. एवढंच कशाला, मुद्दाम खोटं खेळून समोरच्यांना गाफील ठेवायचीही एक तऱ्हा असते.

हे जरा वेळ डोळे बारीक करून बघत होते. मग म्हणाले, "मघाचा उंच नव्हता का?" मी म्हटलं, पळताना माणूस आखडून पळतो. कंबर खाली जाते. तुम्हाला फुटबॉलातलं कळत नाही तर कशाला बोलता? हे गप्प बसले. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, पण गप्प कधी बसायचं हे त्यांना एव्हाना चांगलं कळलं होतं.

 परत येताना सुजाता नुसती बांगड्या मागंपुढं करत होती. रात्रीच्या जेवणाला ती दादांना भाकरी वाढताना म्हणाली, येऊ द्या पाहुण्यांना. दादांनी वर न बघता मान हलवली. पण त्या रात्री त्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली आणि आत्याबाईंनी मला स्वयंपाकघरात नेऊन माझ्या गालांवरून बोटं मोडली.

पुन्हा गोरेगाव

गुरुवारी पाहुणे आले. सकाळपासून घर झाडून पुसून लख्ख. पोह्यांना ओले हरभरे घातले होते, चिवडा होता, मी हट्टानं कोल्हापूरचं भडंग केलं होतं. जीप दारात थांबली. मी आणि सुजाता आतल्या दाराच्या पडद्याआडून बघत होतो. आधी मामा उतरले, मग मुलाची आई, मग काका. त्यांच्या मागून दोन तरुण. एक बुटका, पिळदार, चालताना पायानं खडा उडवणारा. सुजातानं माझा हात दाबला. दुसरा लांबडा, आत येताना चौकटीवर त्याचं डोकं आपटलं. सुजाता खुदकन हसली आणि म्हणाली, "हा लांबडा कोण?" मी म्हटलं, दोस्त असेल, येतात बरोबर.

जयभीम झाला, पाणी झालं, दादांनी सगळ्यांना पुढं सरकवून बसवलं. सुजाता चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेली. मी दारात उभी. तिनं मोठ्या माणसांना कप दिले आणि वळून बुटक्यापुढं ट्रे धरला. तर मामा म्हणाले, अगं बाई, आधी आनंदला दे. आणि त्यांनी बोट दाखवलं त्या लांबड्याकडं.

ट्रेमधले कप किणकिणले. हे कोपऱ्यात उभे होते, त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी छताच्या पंख्याकडं बघितलं. हिवाळ्यात पंखा बंद असतो, तरी बघत राहिले. तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं संघातल्या प्रत्येक पोराला स्वतःची जर्सी असते, बदली खेळाडूलासुद्धा. म्हणून आतला माणूस बदलला असेल हे माझ्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. कोल्हापूरची हुशारी कोल्हापुरात ठीक होती.

पण आता माझ्या हुशारीचं कोणाला पडलं होतं? पोरीनं हो म्हटल्यावर पाहुणे आलेले, पोहे पुढ्यात आलेले. आता ती नाही म्हणू शकत नव्हती. सुजातानं लांबड्याला कप दिला आणि चटईवर मान खाली घालून बसली. तिचं तोंड पांढरं पडलेलं मला दारातून दिसत होतं. या पोरीचा जन्म मी फुटबॉलापायी बुडवला होता.

काकांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं. तिनं सांगितलं. मग मामा नेहमीसारखं म्हणाले की तुला काही विचारायचं असेल तर विचार. हे सगळीकडं विचारतात आणि सगळीकडं मुलगी नाही म्हणून मान हलवते, की मग माणसं पोह्यांकडं वळतात.

सुजातानं मान वर केली. आत्याबाई चिमटा काढायला फार लांब बसल्या होत्या.

"रविवारी सात नंबरची जर्सी कोणाच्या अंगात होती?"

काकांचा चमचा हवेतच राहिला. बुटक्याला भडंगाचा ठसका लागला. दादा म्हणाले, कोणता रविवार?  आनंदनं कप खाली ठेवला. कान लाल झाले होते त्याचे, पण तो तिच्याकडंच बघून बोलला.

"पहिल्या हाफला माझ्या. मंग याच्या. टीममधी अकराच जर्स्या हाईत, बाहेर येणाऱ्यानं काढून आत जाणाऱ्याला द्यायची."

"म्हणजे तुमी खेळता की न्हाई?"

"न्हाई. मी चेंडूत हवा भरतो, रेघा मारतो. खेळतो म्हणून मामानं सांगितलं. तुमी पाहायला येऊन राहिल्या हे बब्बूभाईकडून कळलं. तुमाला घेऊन आला अन् तसाच विहिरीवरची मोटर टाकायला माझ्या दुकानात आला."

जीपमध्ये आमच्याबरोबर अख्खी जीपच ऐकत होती, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. इकडं दादा ताडकन उभे राहिले होते. एसटीत दारू पिऊन चढलेल्या माणसाकडं बघावं तसं त्यांनी आधी ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आवाज चढवला नाही, त्यानं जास्तच भीती वाटली. म्हणाले, मैदानात नेऊन बसवली पोरीला? पोरगा पाहायला? सगळ्या हिंगोलीनं पाह्यलं असंल. मामांनी तर दाराकडं बघायला सुरुवात केली होती. मी पुढं होऊन म्हणाले, बेत माझा होता, दादा. ह्यांचा नव्हता आणि तिचाही नव्हता. 

तेवढ्यात मुलाची आई बोलली. इतका वेळ ती बाई फक्त सुजाताकडं बघत होती. "भाऊ, रागावू नका," ती म्हणाली. "आमी चार घरच्या पोरी पाह्यल्या. एकीनंबी माझ्या लेकराकडं मान वर करून पाह्यलं न्हाई. हिनं उन्हात बसून पाह्यला. मला तर बरं वाटलं."

दादा उभेच होते. सुजाता मात्र आनंदवरची नजर काढत नव्हती. तिला अजून हवं ते मिळालं नव्हतं.

"खेळता येत न्हाई तर उतरले काहून? सगळे हसून राहिले होते."

"हसू द्या," तो म्हणाला. "तुमी एवढ्या लांबून मला पाहायला आल्या. मी रेघेच्या बाहेर बसलो असतो तर तुमाला दिसलोच नसतो."

 ह्यांनी घसा खाकरला. आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला, आणि या वेळी ठेच्याचा काही संबंध नव्हता. दादांनी त्या पोराकडं बघितलं, मग सावकाश खाली बसले. म्हणाले, "सुजाता, आता सगळ्यांसमोर तूच सांग. व्हय म्हण, न्हाई म्हण. न्हाई म्हणलीस तरी पाहुणे जेवून जातील अन् मी मान खाली घालणार न्हाई." मामांचं तोंड उतरलं, पण दादांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

सुजातानं ओढणी सारखी केली. बुटक्याकडं तिनं एकदाही बघितलं नाही.

"मला पसंत हाय, दादा," ती म्हणाली. "फकस्त यांना सांगा, पुन्हा मैदानात उतरायचं न्हाई."

"न्हाई उतरत," आनंद म्हणाला, आणि निवलेला चहा त्यानं एका घोटात पिऊन टाकला.